मानवी तस्करीतून सुटून आलेल्यांची सोबत : नाशिकमधल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

छाप्याची बातमी चार ओळींची असते. लॉजवर किंवा स्पावर छापा, दलालाला अटक, इतक्या मुलींची सुटका, पुढील तपास सुरू. त्या मुलींचे पुढचे दिवस मात्र संपता संपत नाहीत. वैद्यकीय तपासणी, जबाब, सुटून आलेल्यांना ठेवतात त्या होममधला मुक्काम, कोर्टाच्या तारखा, हातात एकही कागद नसणं आणि घरचे परत घेतील का हा घोर. या काळात तिच्याभोवती माणसं पुष्कळ असतात आणि प्रत्येकाचं तिच्याकडे काहीतरी काम असतं. पोलिसांना जबाब हवा असतो, वकिलाला तपशील, होमच्या अधीक्षिकेला रजिस्टरवर सही. काही न मागता ठरल्या दिवशी येणारं एखादं माणूस तिला असावं, म्हणून सोबती लागतात. नाशिकमध्ये हे काम करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढचं प्रत्येक पथ्य तिच्यातूनच निघतं. तिला विकणारा माणूस बहुतेक वेळा गोड बोलतच आला होता. नात्यातली मावशी, गावाकडची ओळखीची बाई, फोनवर जुळलेला मुलगा. त्याने नोकरी देऊ केली, लग्नाचं वचन दिलं, मोबाइल घेऊन दिला, आईच्या दवाखान्याला पैसे दिले. आता तुम्ही जाणार, हसून बोलणार, मदत करू म्हणणार. तिने तुमच्याकडे संशयाने पाहिलं तर तो तिचा शहाणपणा आहे. तुमचं मन कितीही साफ असलं तरी ते तिला दिसत नाही, तिला दिसते तुमची वागण्याची रीत. म्हणून ती रीत दलालाच्या अगदी उलटी हवी. त्याने लपूनछपून केलं, तुम्ही संस्थेच्या समोर करा. त्याने घाई केली, तुम्ही थांबा. त्याने तिच्या डोक्यावर देणं चढवलं, तुम्ही चढवू नका. त्याने तिच्या वतीने ठरवलं, तुम्ही ठरवू नका.

आपल्या जिल्ह्यात हे कसं दिसतं

तस्करी म्हणजे फक्त देहविक्रय, अशी समजूत घेऊन येऊ नका. नाशिकला मुंबई-आग्रा महामार्ग आहे, नाशिकरोड आणि मनमाडसारखी गजबजलेली स्टेशनं आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना, वीटभट्ट्यांना, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना, मालेगावच्या यंत्रमागांना सतत माणसं लागतात. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडची कुटुंबं पोटासाठी दरवर्षी घराबाहेर पडतात. जिथे मजूर लागतो तिथे मुकादम येतो, आणि मुकादमाबरोबर उचल, म्हणजे कामाआधी दिलेले आगाऊ पैसे, येते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुलं मेंढ्या राखायला वेठीला दिल्याचं उघड झालं, तेही त्यातल्या एका मुलीचा जीव गेल्यानंतर. संविधानाचं २३ वं कलम माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई करतं. तेव्हा तुमच्या वाट्याला लॉजमधून आलेली बंगाली मुलगी येईल, तसा हॉटेलात भांडी घासणारा चौदा वर्षांचा मुलगाही येईल.

उलट बाजूही माहीत असू द्या. मे २०२३ मध्ये बिहारहून निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवलं गेलं आणि सोबतच्या शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मुलं मदरशात शिकायला निघाली होती. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी ते प्रकरण बंद केलं, पण तोवर घरापासून दूर, अनोळखी बालगृहात राहणं त्यांच्या नशिबी आलंच. कोण पीडित आणि कोण नाही हे ठरवण्याचं काम सोबत्याचं नाही. समोरचं माणूस जे सांगेल ते ऐकायचं.

पहिली पायरी : संस्थेमार्फतच या

बातमी वाचून थेट होमच्या दारात जाऊ नका. हे पत्ते जपून ठेवण्यामागे कारण असतं, म्हणून मीही इथे एकाही होमचा पत्ता देत नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. शक्ती सदनं, सखी वन स्टॉप सेंटर, बालगृहं यांच्याशी जोडून काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची नावं तिथे मिळतील. पूर्वीच्या उज्ज्वला आणि स्वाधार या योजना २०२२ पासून शक्ती सदन या नावाखाली एकत्र आल्या आहेत. जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून जुनी नावं असतात, तेव्हा गोंधळू नका.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा. संस्थेने तो मागितलाच नाही, तर त्या संस्थेबद्दल मला शंका येते. तिथे इतर कोणाकोणाला असंच आत सोडलं असेल? तुम्हीही संस्थेला प्रश्न विचारा. प्रशिक्षण किती दिवसांचं आहे? अडचण आली तर रात्री फोन कोणाला करायचा? सोबत्यांची आपापसात बैठक होते का? मुलीला सोबती बदलून मागता येतो का? शेवटच्या प्रश्नाला ठाम ‘हो’ मिळायला हवं.

निदान वर्षभर, आठवड्यातून एक ठरलेला तास देता येईल का, हे घरी बसून प्रामाणिकपणे ठरवा. बदली होणार असेल, लग्न ठरलं असेल, एमपीएससीची परीक्षा तोंडावर असेल तर आत्ता सुरू करू नका. तिला सोडून जाणारी माणसं आधीच खूप झाली आहेत. पुढच्या वर्षी आलात तरी चालेल.

पुरुषांनी यावं का, असं नेहमी विचारलं जातं. यावं, पण मुलींचा सोबती म्हणून नाही. वेठबिगारीतून आलेल्या मुलग्यांना एका भल्या दादाची फार गरज असते, आणि त्यासाठी माणसं मिळत नाहीत. शिवाय गाडी चालवणं, सरकारी कचेरीतल्या फेऱ्या मारणं, हिशेब ठेवणं ही कामं पडून असतात. ज्यांना बंगाली, नेपाळी किंवा कोकणा, भिली येते त्यांनी तर नक्की यावं. आपल्या भाषेत कोणी ‘जेवलीस का?’ विचारणारं मिळालं की चेहरा बदलतो.

थोडा कायदा

वकील व्हायची गरज नाही, पण चार गोष्टी ठाऊक हव्यात.

पोलीस ज्याला ‘पीटा’ म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. तस्करीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखाली येतो, त्याआधीचे गुन्हे भारतीय दंड विधानाच्या ३७० खाली. या कलमानुसार पीडित व्यक्तीची संमती होती का, हा मुद्दाच उरत नाही. म्हणजे ‘ती आपल्या पायाने गेली होती’ हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. तुमच्याही तोंडून ते कधी निघू नये.

अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होत असल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. पहिल्याच भेटीत सांगून टाका : तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाला त्रास होत असेल, तर मला संस्थेच्या ताईंना सांगावं लागेल. बाकी सगळं माझ्याकडे राहील.

ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम, बलात्कार पीडितेच्या बाबतीत न्याय संहितेचं ७२ वं. फोटो, नाव, गाव, शाळा, यातलं काहीही नको. वाढदिवसाच्या केकचा फोटोही व्हॉट्सअॅप स्टेटसला नको, मागची खिडकी ओळखणारं कोणीतरी असतं.

आणि सज्ञान स्त्रीला स्वतःचं ठरवण्याचा हक्क आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला तो याच आधारावर.

पहिली भेट

वेळेवर पोचा. पाच मिनिटं आधी पोचून बाहेर थांबलात तरी चालेल, उशीर नको. साधे कपडे घाला. नाव सांगा, किती वेळ बसणार ते सांगा, आणि तेवढाच वेळ बसा. गप्पा रंगल्या तरी ठरल्या वेळी उठा. जे सांगितलं तेच घडतं, हे तिला अशा छोट्या गोष्टींतूनच कळतं.

काय विचारायचं नाही ते आधी. कुठून आलीस, कोणी आणलं, किती दिवस होतीस, घरी कोण कोण असतं. हा शेवटचा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, बसमध्ये शेजारच्या बाईलाही आपण तो विचारतो. इथे मात्र घरातल्याच कोणी विकलेलं असू शकतं. त्याऐवजी काहीतरी करत बसा. लोकर, मेंदीचा कोन, रांगोळीचे ठिपके, कॅरम, निवडायला घेतलेली मेथी. हात गुंतले की नजर नजरेला भिडवावी लागत नाही आणि गप्प बसणं अवघड होत नाही. गाण्यांबद्दल बोला, मालिकांबद्दल बोला, तिच्या भाषेतले दोन शब्द तिच्याकडून शिका. शिकवणारी ती, शिकणाऱ्या तुम्ही.

तुम्हाला काय म्हणायचं ते तिला ठरवू द्या. ताई म्हणेल, दीदी म्हणेल, कदाचित काहीच म्हणणार नाही. एक सांभाळा : मावशी, आंटी किंवा मम्मी म्हणवून घेण्याचा आग्रह धरू नका. यातलं एखादं नातं तिथे अड्डा चालवणाऱ्या बाईचं असतं.

अंगाला हात लावायचा नाही. पाठीवरून मायेने हात फिरवायचा मोह होतो, पण तो आवरा. तिने स्वतः हात धरला तर धरू द्या. आणि बसताना तिच्या आणि दाराच्या मध्ये बसू नका. दार तिला दिसलं पाहिजे.

दोन-तीन भेटी ती तोंडही उघडणार नाही. कधी खोलीतून बाहेरच येणार नाही. निरोप ठेवा, ‘पुढच्या बुधवारी चारला येते,’ आणि बुधवारी चारला या.

बाहेर पडायला लागल्यावर

होमच्या परवानगीने बाहेर जाता येऊ लागलं की खरी मजा सुरू होते. मला या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. महिनोन्महिने बंद खोलीत राहिलेल्या मुलीला रस्ता ओलांडणं, तिकीट काढणं, सुटे पैसे मोजून घेणं, ‘मला हे नको’ म्हणणं, सगळं पुन्हा हातात घ्यायचं असतं.

सिटीलिंकच्या बसने सुरुवात करा. पाटी तिने वाचायची, तिकीट तिने मागायचं, उतरायचं कुठे हे तिने सांगायचं. चुकीच्या स्टॉपला उतरलात तर चालत या, बिघडलं काही नाही. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, हे तिला सांगा, पुढे गावी जाताना उपयोगी पडतं. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार स्वस्त आणि रंगीत असतो, पण गर्दीत धक्के लागतात. ती तयार असेल तेव्हाच जा आणि लवकरच्या वेळी जा. पांडवलेणीच्या पायऱ्या, सोमेश्वरचा नदीकाठ, एखादी शांत बाग इथे सुरुवातीला जास्त मोकळं वाटतं. कुठे जायचं हे तिला निवडायला सांगा, पण ‘कुठेही चालेल’ असं उत्तर आलं तर दोनच पर्याय समोर ठेवा. जिला वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नाही तिला मोकळा प्रश्न जड जातो.

ज्या भागातून तिची सुटका झाली तिकडे फिरकू नका. आधी संस्थेच्या ताईंकडून कळून घ्या. स्टेशन आणि मोठे स्टँड सुरुवातीला टाळा, दलालाची माणसं तिथे घुटमळतात. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं आणि ‘ही कोण?’ विचारलं, तर काय सांगायचं हे निघतानाच दोघींनी ठरवून ठेवा. ‘माझी मैत्रीण’ एवढं पुरतं.

शिक्षणाची गोष्ट तिने काढली तर माहिती तयार ठेवा. दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि पुढच्या शिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नाशिकमध्येच आहे. तिने मात्र ब्युटी पार्लर शिकायचं म्हटलं, तर ‘त्यापेक्षा नर्सिंग बघ’ असं सुचवू नका.

पैसे आणि वस्तू

या बाबतीत मी कडक आहे. पैसे देऊ नका, उसने देऊ नका, मोबाइल देऊ नका, रिचार्ज मारू नका, घरी राहायला नेऊ नका. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण तिचं अडकणं उचलीपासूनच सुरू झालं होतं. अड्ड्यावर खाण्याचे, कपड्यांचे, औषधाचे पैसे तिच्या नावावर मांडले जात होते आणि ते कधी फिटत नव्हते. तुमच्या पाचशेच्या नोटेचा हिशेब तुम्ही ठेवणार नाही, ती ठेवेल. मग एखाद्या बुधवारी तिला भेटायचं नसेल तरी ती नाही म्हणू शकणार नाही.

बाहेर गेल्यावरचा चहा, मिसळ, बसभाडं संस्थेच्या खर्चातून व्हावं, आणि ते तिला माहीत असावं. वाढदिवसाची भेट द्यायचीच असेल तर संस्थेने सगळ्यांसाठी ठरवलेली, सारख्या किमतीची. तिने तुम्हाला विणलेला रुमाल दिला तर मात्र आनंदाने घ्या.

गरज खरी असेल तर हक्काची वाट दाखवा. बलात्काराचं किंवा पोक्सोचं कलम लागलेलं असेल तर मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकतं, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होतो. वेठबिगारीतून सुटलेल्याला प्रांत कार्यालयाचं मुक्ती प्रमाणपत्र लागतं, पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते. हा कागद अनेकांकडे नसतो आणि तो मिळवायला चिकाटी लागते, तेव्हा संस्थेच्या मागे लागा. आधार, बँक खातं, रेशन कार्ड यांसाठी रांगेत तिच्यासोबत उभं राहणं ही सोबत्याने करण्यासारखी मोठी मदत आहे. खिडकीवर बोलायचं तिने.

ती सांगू लागते तेव्हा

एखाद्या दिवशी, बहुतेक उठायच्या वेळी, ती काहीतरी सांगेल. हातातलं ठेवा आणि ऐका. खोदून विचारू नका. ‘मग पुढे?’ देखील नको. ‘अरे देवा’ म्हणून तोंडावर हात ठेवलात तर ती तुम्हालाच सांभाळू लागेल. ‘सांगितलंस, बरं केलंस. यात तुझी चूक नव्हती.’ एवढं पुरे. दलालाला शिव्या घालू नका. तिचं त्याच्यावर प्रेम असू शकतं, अजूनही असू शकतं, आणि तुमच्या शिव्यांनी ती त्याची बाजू घ्यायला लागेल.

कधी ती बोलता बोलता हरवते, नजर एका जागी थिजते, श्वास जोरात चालतो. हळू आवाजात तिचं नाव घ्या, आज कोणता वार, आपण कुठे आहोत ते सांगा, पाय जमिनीला टेकवायला सांगा, थंड पाणी द्या. हलवू नका, घेराव करू नका. ती सावरली की समुपदेशकांना कळवा, आणि कळवणार आहात हे तिलाही सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली तर तिला एकटं सोडू नका, तिथूनच अधीक्षिकेला बोलवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनची सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे.

जे ऐकलं ते घरी नवऱ्याला, मैत्रिणीला सांगायचं नाही. मन जड होतंच. त्यासाठी संस्थेतली पर्यवेक्षक ताई आणि सोबत्यांची बैठक आहे, ती चुकवू नका.

कोर्टाची तारीख

जिल्हा न्यायालय सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आहे. शक्य असेल तर तारखेच्या आधी एकदा नुसतं तिथे घेऊन जा. जिना कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, थांबायचं कुठे हे पाहून ठेवलं की निम्मी भीती जाते. विधी सेवा कायदा १९८७ नुसार स्त्रिया, मुलं आणि तस्करीचे बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

साक्षीबद्दल एक अक्षर बोलू नका. काय सांगायचं, कसं सांगायचं, काही नाही. ‘साक्ष पढवली’ असा आरोप झाला तर खटला तिचाच बिघडतो. तुमचं काम डबा नेणं, पाण्याची बाटली नेणं, आणि आरोपीची माणसं व्हरांड्यात येऊन बसली तर मध्ये बसणं. कोणी धमकावलं तर वकिलाला आणि पोलिसांना लगेच सांगा. तारीख पुढे ढकलली जाईल, अनेकदा ढकलली जाईल. त्या दिवशी ती चिडेल, तुमच्यावरही चिडेल.

ती परत गेली तर

हे घडतं. कर्ज, गावातली बोलणी, मागे राहिलेलं मूल, दुसरं काम न मिळणं, अशा अनेक कारणांनी सज्ञान बाई पुन्हा तिथेच जाते. तिला फसवं म्हणू नका, आपलं वर्ष वाया गेलं असंही मानू नका. जाण्याआधी बोलणं झालं तर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या. कागदावरचे क्रमांक काढून घेतले जातात. संस्थेचा फोन क्रमांकही पाठ असू द्या. मुलगी अठराखालची असेल तर मात्र थांबू नका, लगेच १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर आणि संस्थेला कळवा. स्वतः शोधायला अड्ड्यावर जाऊ नका. तुमच्या आणि तिच्या, दोघींच्या जिवाला त्यात धोका आहे.

निरोप

सोबतीची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी तिला तारीख सांगा आणि मग दर भेटीत आठवण करून द्या. ‘आपण कायम भेटत राहू’ असं भरल्या गळ्याने म्हणू नका. पुढे संपर्क ठेवायचा का आणि कसा, हे संस्थेच्या नियमात बसवून तिने ठरवावं. तुमच्या जागी दुसरी सोबती येणार असेल तर शेवटच्या एका भेटीत तिला सोबत घेऊन जा. त्या भेटीत पुढचा वार आणि वेळ त्या दोघींनी ठरवायची, तुम्ही नाही.